बुजवलेलं बावखल

१

शनिवारी सकाळी संपदा तेंडोलकरने पत्र्याच्या फाटकाचं कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं आणि क्षणभर तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या भूखंडावर आलो. तिच्या नकाशाच्या मधोमध जे होतं, ते जागेवर नव्हतं. तिथे आता विटांचे तुकडे, फुटक्या फरशा आणि सिमेंटची ढेकळं पसरलेली होती, वरून छान सपाट केलेली.

तिथे बावखल होतं. पावसाचं पाणी धरून ठेवायला आणि उन्हाळ्यात वाडीला शिंपायला जुन्या लोकांनी खणलेलं तळं. वसईच्या पट्ट्यात एके काळी दर वाडीला एक असायचं. आता इमारती सरकत सरकत नंदाखालच्या वेशीपर्यंत आल्या, तशी बावखलं एकेक करून गडप झाली. हे एक उरलं होतं, कारण धर्मा म्हात्रे नावाच्या शेतकऱ्याने मरण्याआधी बावखलासकट ही जमीन लोकांच्या बागेसाठी देऊन टाकली होती.

संपदा उद्यानं आखायची. तुळिंजला राहायची, तिथे गच्चीवरच्या कुंड्यांपलीकडे हिरवं दिसायची मारामार, म्हणून की काय, बागांच्या बाबतीत ती जरा हट्टी होती. या जागेसाठी तिने दोन नकाशे केले होते. पहिल्यात बावखल राखून त्याच्या भोवती झाडं, बाकं आणि चालायची वाट. दुसऱ्यात बावखल बुजवून मैदान. दोन पर्याय दाखवायचे असा नियम, म्हणून दुसरा. नाही तर तो तिने काढलाच नसता. सोमवारी बागेची समिती जागेवर येऊन निवड करणार होती.

तिने समितीच्या अध्यक्षीणबाईंना फोन लावला. अश्लेषा सावे मोजकं बोलणारी बाई.

"कुणी बुजवलं ते सोमवारपर्यंत कळलं, तर त्याच्याकडून उपसून घेऊ," त्या म्हणाल्या. "नाही कळलं तर आहे त्या जमिनीवर मैदान करायचं. आता भरलेलं उपसायला लोक तयार होणार नाहीत."

कुलूप शाबूत होतं. किल्ल्या चौघांकडे होत्या. एक संपदाची. उरलेल्या तिघांपैकी एकाने हा उद्योग केला होता.

२

पहिला धावत आला तो दीपेश, धर्माचा मुलगा. रेती-विटांचा धंदा, विरारला फ्लॅट. बागेचं सामान त्याच्याकडूनच येणार असल्याने किल्ली त्याच्याकडे. भरणी बघून तो फाटकाशीच उकिडवा बसला.

"बाबांची आठवण होती, मॅडम," तो म्हणाला. "गुरुवारी-शुक्रवारी केलं असणार. शेजारच्या नर्सरीवाल्या निकोलस अंकलच्या पुतणीचं लग्न होतं ना, दोन दिवस बँड चालू होता. जेसीबी काय, विमान उतरलं असतं तरी कुणाला ऐकू आलं नसतं."

"तुम्ही कुठे होता?"

"साइटवर, बोळींजला. लग्नात जेवायला आलो तेवढाच." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आता काय, रस्त्याचा नकाशा पास होणार. आईला एवढ्यात सांगू नका. मी सांगतो सावकाश."

आईला सांगायचं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. भूखंडाच्या मागेच पुतळाबाईची वाडी होती, केळी, नारळ, थोडा मोगरा. वाडीची विहीर या बावखलाच्या जिवावर जगायची. बावखलात पाणी मुरलं तर विहिरीला मेपर्यंत पाणी. बावखल गेलं की विहीर गेली, विहीर गेली की वाडी गेली. नवरा गेल्यापासून म्हातारी त्या वाडीवरच उभी होती.

संपदा तरीही तिच्याकडे गेली. सांगायला म्हणूनच गेली होती, पण पुतळाबाई इतकी खुशीत होती की जीभ उचलेना.

"ये बाय. खाली बगून चाल, ओलं हाय," पुतळाबाई म्हणाली. गुडघ्याने साथ सोडल्यापासून ती ओटीवरून फारशी हलत नसे; बावखलाकडे जाऊन महिना झाला होता. "बस. पानी देते."

"आज एकदम मजेत दिसताय, काकी."

"पोरगा येतो आता. बाप गेल्यावर वाडीत पाय टाकत नव्हता. परवा आला, माणसं घेऊन आला, घाम काढला त्यानं. मी बोलले, देवाला दिसलं म्हणायचं." तिने केळ्यांचा एक फणा संपदाच्या पिशवीत कोंबला. "मी जिती हाय तवर एवढं हिरवं राव दे. मंग तुमी काय ते करा."

संपदा पाणी प्यायली, चपला काळ्या करून घेतल्या आणि न सांगताच परत फिरली. सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट एकट्या हिला ठाऊक नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. रस्त्यावर येते तोच फोन वाजला.

"मोहिते बोलतोय. ऐकलं मी, फाटकातून डोकावूनही आलो. बुजवलं त्याच्या तोंडात साखर पडो," पलीकडून आवाज आला. "आणि हो, त्यातल्या निळ्या फरशा आमच्या सोसायटीच्या आहेत."

३

हर्षवर्धन मोहिते मूळचे साताऱ्याचे, मुंबईला विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि भूखंडासमोरच्या टॉवरचे अध्यक्ष. बावखल म्हणजे डासांचं माहेरघर, पोरं बुडतील, असं त्यांनी प्रत्येक बैठकीत सांगितलं होतं. समितीवर असल्याने तिसरी किल्ली त्यांच्याकडे. संशयासाठी याहून सोयीचा माणूस मागूनही मिळाला नसता.

"फरशा तुमच्या कशा?" संपदाने सरळ विचारलं.

"बाथरूमांची दुरुस्ती चालली आहे. महिनाभर रॅबिट निघतंय, सगळा तोडफोडीचा राडारोडा. डंपरवाला येतो आणि घेऊन जातो. कुठे टाकतो हे मी विचारत नाही, तुम्हीही विचारलं नसतं." मोहित्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. "तुम्हाला वाटतंय मीच. वाटणारच. पण मला चोरून करायची गरज काय?"

"सोमवारी तुमचं मैदान हरलं असतं तर?"

"मी बावखलाच्याच बाजूने मत देणार होतो."

संपदाने कप खाली ठेवला. मोहित्यांनी फोनवर सोसायटीचा ग्रुप उघडून दाखवला. बुधवारचा त्यांचाच संदेश: बावखल राहू द्यावं, भोवती कठडा हवा, पाण्यात गप्पी मासे सोडावेत. खाली निम्म्या टॉवरचे अंगठे.

"आमच्या सौभाग्यवतींनी डोकं खाल्लं," ते म्हणाले. "म्हणाली, गावी विहिरीत पोहायला शिकलात आणि इथे पाणी बघून घाबरता. मग काय करणार? साखर पडो म्हणालो ते आपलं सवयीने."

"हा ग्रुप कोण कोण वाचतं?"

"सोसायटीचे सगळे. शिवाय प्लंबर, केबलवाला, रेतीवाला. कामं चालू आहेत ना, सगळ्यांनाच घेऊन ठेवलंय."

संपदा लिफ्टने खाली आली ती विचार करतच. बुधवारी बावखल जिंकलं आणि गुरुवारी बुजलं. ज्याला मैदान हवं होतं त्याने हरायची वेळ आल्यावर हात चालवला. मोहित्यांना तर मैदान नकोच झालं होतं. मग ते हवं होतं कुणाला?

४

ती पुन्हा भूखंडावर गेली. पहिल्यांदा माणूस नुकसान बघतो, दुसऱ्यांदा वस्तू बघतो. भरणीच्या कडेकडेने ती फिरली आणि काहीतरी चुकतंय असं तिला वाटायला लागलं.

एप्रिलमध्ये तिने या बावखलात बांबू खुपसून पाहिला होता. गुडघाभर पाणी, आणि त्याखाली तसाच गुडघाभर काळा, लोण्यासारखा गाळ. अशा गाळात गाडीभर विटा ओतल्या तर गाळ काय करेल? उतू जाणाऱ्या आमटीसारखा कडेने वर येईल, गवतावर पसरेल, विटांच्या फटींतून डोकं काढेल. इथे काठाचं गवत स्वच्छ होतं. तिने एका कोपऱ्यातली चार ढेकळं उचलली आणि काठी आत घातली. काठी टणक पिवळ्या मुरमावर जाऊन टेकली.

गाळ नव्हता. आधी तो उपसला होता, नेला होता, आणि मगच राडारोडा टाकला होता. चोरटं काम, पकडले जायची भीती, दोन दिवसांची मुदत. त्यात कुणी दुप्पट मेहनत का करेल?

चौथी किल्ली निकोलस तुस्कानोंकडे. त्यांची नर्सरी भूखंडाला लागून होती आणि पंप बावखलावर. बाग झाली की पंप बंद होणार, म्हणून ते संपदावर आधीपासूनच नाराज होते. लग्नाचा मंडप अजून उतरायचा होता. निकोलस अंकल खुर्चीत पाय पसरून बसले होते, आणि त्यांची बहीण मर्सी उरलेले काचेचे ग्लास पुसत होती.

"अंकल, तुमच्या कुंड्यांत काळी माती दिसते," संपदा म्हणाली.

"बग, बग. फोडून बग." त्यांनी एक कुंडी तिच्यापुढे सरकवली. "शेणखत आनि नारळाचा भुसा. बावखलाचा गाळ कुंडीत घातला तर वाळून दगड होतो, झाड गुदमरतं. नर्सरीवाल्याला तो फुकट दिला तरी नको."

"मग कुणाला हवा असतो?"

"वाडीवाल्याला. केळीच्या बुंध्याशी घालायचा, नारळाच्या आळ्यात घालायचा. आमचा पप्पा दर मे महिन्यात आमाला सगळ्यांना बावखलात उतरवायचा. शाळेत जायला नको म्हनून आमी खूश."

"आणि समजा बावखलच बुजवायचं असेल? तर गाळ तसाच पुरतील ना?"

मर्सीने हातातला ग्लास खाली ठेवला. "वाडीतला मानूस? गाळ पुरेल?" ती म्हणाली. "बाय, तो जेवन उकिरड्यावर टाकेल एक वेळ."

"आणि अंकल, दोन दिवस तुम्ही..."

"पुतणीच्या लग्नात होतो. बाप नाय तिला, मीच चर्चमधे हात धरून नेली. फोटोत मीच मीच हाय." निकोलस उठून बसले. "आनि माझा पंप आता काय सुक्या विटा खेचनार? दोन वर्सं तरी पानी मिळालं असतं बागेचं काम होईपर्यंत. माझं तर नुकसानच झालं."

खरं होतं. संपदा उठली. तीन किल्ल्यांपैकी दोन गळल्या होत्या, आणि तिसरीबद्दल विचार करायचं तिचं मन होईना.

५

घरी येऊन तिने दारात चपला काढल्या. सकाळचा काळा चिखल टाचेवर वाळला होता, त्याला बारीक बारीक भेगा पडल्या होत्या. नखाने खरवडला तर खपली निघाली, दगडासारखी.

ती तिथेच उंबऱ्यावर बसली. पुतळाबाईची वाडी लाल मातीची. शिंपण्याचा चिखल लाल असायला हवा होता.

मुलगा परवा आला, माणसं घेऊन आला, घाम काढला. संपदाला ते ऐकू आलं होतं, पण म्हातारीचा आनंद इतका समोर होता की त्यामागचं तिने पाहिलंच नाही. तरीही तिला पटेना. आपल्याच आईच्या विहिरीचं पाणी कुणी का तोडेल? मैदानात क्रिकेट खेळायला काय दीपेश येणार होता?

मैदान. हा शब्द तिच्या डोक्यात अडकला. दुसऱ्या नकाशाला मोहिते मैदान म्हणायचे, अध्यक्षीणबाई मैदान म्हणायच्या, नकाशांच्या प्रदर्शनाला आलेली पोरं मैदान म्हणायची. एकटा दीपेश सकाळी म्हणाला होता, रस्त्याचा नकाशा.

तिने गुंडाळी काढून जमिनीवर पसरली. बावखल काढलं की मधली जागा मोकळी होते, म्हणून तिने तिथून एक रुंद रस्ता नेला होता, सामानाच्या गाड्यांसाठी. नकाशा बघणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णव जणांनी झोपाळे कुठे आहेत ते पाहिलं. रस्ता पुढे कुठे जातो हे तिनेसुद्धा धड पाहिलं नव्हतं. तो पुतळाबाईच्या कुंपणाला जाऊन भिडत होता.

आज त्या वाडीला जायला एक पायवाट आहे. पायवाटेवर इमारत उभी राहत नाही, परवानगीच मिळत नाही. रुंद रस्ता आला की मिळते. रस्ता येईल, विहीर आटेल, केळी वाळतील, आणि म्हातारी स्वतःहूनच म्हणेल, आता काय राहिलं इथे. कुणाला जबरदस्ती करायला नको, भांडायला नको. कुंपणानेच शेत खायचं, तेही न चावता.

संपदाला राग आला, आणि रागाच्या खाली दुसरंही काही आलं, कारण तो रस्ता तिच्या हातचा होता.

६

रविवारी ती वाडीत पोचली तेव्हा दीपेश केळीच्या ओळीत उभा होता. पुतळाबाई ओटीवर वाल सोलत बसली होती. संपदाने त्याला बाजूला घ्यायचं ठरवलं होतं, पण म्हातारीच म्हणाली, "हिकडेच बोला. मला काय दडवायचं?"

मग संपदाने बावखल बुजवल्याचं सांगितलं. पुतळाबाईचे हात थांबले, इतकंच. तिने मुलाकडे पाहिलं, संपदाकडे नाही.

"गाळ आधी काढला होता," संपदा म्हणाली. "मोहित्यांच्या माणसांनी केलं असतं तर वरून विटा ओतून मोकळे झाले असते. निकोलस अंकलला गाळ नको आणि पाणी हवं. ज्याला गाळाची किंमत कळते, ज्याच्याकडे किल्ली आहे, डंपर आहेत, आणि सोसायटीच्या ग्रुपवर ज्याने बुधवारी वाचलं की बावखल जिंकतंय, असा एकच माणूस आहे. रस्ता झाला तर जमीन त्याचीच मोकळी होते." ती दीपेशकडे वळली. "जी वाडी मारायला निघालात, तिलाच खत घातलंत, दीपेशभाऊ. तेवढं केलं नसतंत तर मला काही कळलं नसतं."

दीपेशने नाकारलं नाही. नाकारायला पायाखालीच पुरावा होता, बुंध्याबुंध्याशी थापलेला.

"मॅडम, तुम्ही बागा काढता, बरं आहे," तो म्हणाला. "आई सत्तरीची. गुडघा गेलाय. उद्या रात्री ती इथे पडली तर मला कळणार कधी? मी वाडी करणार नाही, माझी मुलगी करणार नाही. दहा वेळा सांगितलं, फ्लॅटवर चल. येत नाही. मी काय करायचं होतं?"

"इचारायचं," पुतळाबाई म्हणाली.

"दहा वेळा विचारलं ना."

"तू चल बोललास. तू राव का असं कधी इचारलं नाय." तिने सूप बाजूला सारलं. "मला येक सांग. बुजवायचंच व्हतं, तर गाळ का काढलास?"

दीपेशने केळीच्या खोडावरचं एक वाळकं सोपट ओढलं, हातात चुरगाळलं.

"जेसीबीवाला बोलला, तसाच दाबून टाकू," तो शेवटी म्हणाला. "टाकवेना."

"मंग? गाळ टाकवला नाय तुला. केळी तोडवल्या असत्या?"

दीपेश तिथेच बांधावर बसला आणि लहान पोरासारखं मनगटाने डोळे पुसत राहिला. पुतळाबाई त्याला गप्प करायला गेली नाही.

"बाय," ती संपदाला म्हणाली, "उद्या तू त्याचं नाव सांगनार?"

"सांगावं लागेल, काकी. नाही तर बावखल परत खणता येणार नाही."

"सांग मंग," म्हातारी म्हणाली.

७

सांगायची वेळ संपदावर आली नाही. सोमवारी समिती भरणीवर उभी होती, मोहिते रुमालाने टक्कल पुसत होते, निकोलस अंकल सावलीला. अश्लेषा सावेंनी विचारलं, काही कळलं का? संपदाने तोंड उघडायच्या आत दीपेश पुढे आला.

"मी बुजवलं," तो म्हणाला. "उपसणारही मीच. पाऊस यायच्या आत उपसून देतो. आणि दुसऱ्या नकाशातला रस्ता आमच्या कुंपणापर्यंत नको. आम्हाला नको आहे."

निकोलस अंकलनी मान हलवली. अध्यक्षीणबाई वहीत काही लिहायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, दंड होईल, रीतसर तक्रारही होईल, आपल्या हातात तेवढं सोडून दुसरं काही नाही. दीपेश हो म्हणाला.

तेवढ्यात मर्सीच्या खांद्याचा आधार घेऊन पुतळाबाई फाटकातून आत आली. विटांवरून चालताना तिला फार त्रास होत होता, तरी तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बावखल जिथे होतं तिथली एक फुटकी फरशी तिने पायाने बाजूला सारली. मग अध्यक्षीणबाईंकडे गेली.

"माझा मुलगा हाय," ती म्हणाली. "काय शिक्षा द्यायची ती द्या. दुपारी तेवढा जेवायला घरी पाठवा, मी वालाचं बिरडं केलंय."